शालिग्रामची जर्मन पुस्तकं

कामरगाव, जानेवारी १९४०

प्रिय दादा,

लढाई लागताच तुझ्या जर्मन प्राध्यापकांना सरकारनं पकडून नेलं, तेव्हापासून तू कॉलेज सोडून मित्राच्या घरी एकटाच परीक्षेचा अभ्यास करतो आहेस. कसा होतो रे अभ्यास? दिवाळीत तू शिकवलेलं मी अजून घोकते. जर्मन भाषेत सूर्य बाई आणि चंद्र बुवा, हे ऐकून रंगूआत्या किती हसली होती! “सूर्याले लुगडं नेसवते का रे थे लोक?” म्हणाली. आता कोणी तुझ्या शिक्षणाचं नाव काढलं, की तीच दार लावून घेते.

गेल्या आठवड्यात घरी दोन साहेब आले. साध्या कपड्यांतले, बोलायला गोड. चहा घेतला, भिंतीवरचा तुझा फोटो निरखला. पोरगा जर्मनच का शिकतो, तिकडून त्याला काही येतं का, विचारत राहिले. बाबांनी कौतुकानं सांगितलं, “शालिग्राम त्या प्राध्यापकाच्या घरी जेवाले जाते.” दोघं एकमेकांकडे बघून हसले. प्राध्यापकांचं काय झालं ते तू फक्त मला सांगितलं होतंस; बाबांना ठाऊक नव्हतं, त्या साहेबांना होतं.

तिथून ते कारंजाला सैफुद्दीनच्या दुकानात गेले. दिवाळीत तुम्ही दोघं त्याच्या रेडिओवर बर्लिन ऐकायचात आणि तू बाजारच्या लोकांना बातम्यांचा अर्थ सांगायचास, हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. दोन प्रश्न विचारायचे आहेत म्हणून सैफुद्दीनला मोटारीत बसवलं. तो अजून परतला नाही. काल त्याची आई, अमिरुन्निसाचाची, आपल्या ओट्यावर येऊन बसली. “शालिग्रामले पुसा न, माहा पोरगा कुठी नेला?” एवढंच म्हणत राहिली. ती गेल्यावर बाबांनी तुझी पुस्तकं चुलीत घातली. जाडा शब्दकोश काही केल्या पेटेना. बाबा फुंकत बसले, मधूनच डोळे पुसत. म्हणाले, धूर झाला.

आज सकाळी ते साहेब पुन्हा आले. बाबांनी तुझा पत्ता दिला नाही. पण पोरगा आपणहून आला तर लगेच सोडू, या त्यांच्या शब्दावर बाबांनी भरवसा ठेवला आणि तुला बोलावून घ्यायचं कबूल केलं. तुला तार येईल : आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ. दादा, आई धडधाकट आहे. बाबा तार करायला गेलेत आणि ती माझ्याजवळ बसून हे लिहवून घेते आहे. कोणाच्या हाती लागू नये म्हणून हे पत्र गावच्या पोस्टात न टाकता मूर्तिजापूरच्या पोस्टात टाकायला पाठवते आहे. ती म्हणते, “लिह्य त्याले, मी खरंच मेली तरी येऊ नोको.”

तुझीच,
विजयमाला