चिठ्ठीची पहिली ओळ

गुरुजी, काल मी खोटं बोललो, आणि तेही विद्यापीठाच्या ग्रंथालयात, भरल्या वर्गासमोर. संशोधन करणाऱ्या मुलांना संदर्भ कसे द्यावेत, हे मी वर्षातून दोनदा शिकवतो. निवृत्त झालो तरी बोलावतात. प्रत्येकाच्या हातात कोरी चिठ्ठी देतो आणि चार ओळी लिहायला लावतो: कोणी सांगितलं, कुठं सापडलं, कितव्या पानावर, आपण कधी पाहिलं. काल मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, ही चार ओळींची पद्धत कुणाची?" मी म्हणालो, "माझीच." इतक्या सहज म्हणालो की नंतर माझी मलाच लाज वाटली.

तुमचा वर्ग भूमच्या शाळेत भरायचा, निजामाच्या राज्यातल्या शुक्रवारच्या सुटीत. हैदराबादला शिकायला गेलेले आम्ही पाच-सहा जण उन्हाळ्यात घरी आलो की तुम्ही आम्हाला पुस्तकांच्या खोलीत बसवायचात आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या करायचात. विद्यापीठात शिकणाऱ्यांना हे शाळामास्तर काय शिकवणार, असा आमचा तोरा होता. त्या वर्षी मी गावच्या बारवेवर निबंध लिहिला. बांधकामाचा सन मित्राच्या वहीतून उचलला. मी उभा राहून वाचतो आहे, "आपली बारव आठशे वर्षांची आहे," टाळ्या पडताहेत, मी फुगतो आहे. तेवढ्यात तुम्ही मोठ्यानं वाचायचात ते वर्तमानपत्र ऐकायला येऊन बसणारे एक म्हातारे शेतकरी म्हणतात, "आरं, आमच्या खापरपणज्यानं चुना मळलाय तिथं. आठशे वर्सं कशी व्हतील?"

तुम्ही हात पुढं केलात. "चिठ्ठी?"

चिठ्ठी नव्हती. "मूळ कागद मी स्वतः बघितला, गुरुजी," मी ठोकून दिलं. तुम्ही टोपी चढवलीत आणि मला घेऊन थेट, ज्यांच्याकडं तो कागद होता त्या पाटलांच्या घरी निघालात. पाटील माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्याला तर म्या पयल्यांदाच बघतोय." कागद महसुलाचा निघाला, सन फसली, म्हणजे इसवी सनाच्या जवळपास सहाशे वर्षं मागं चालणारा. महसुलात फसली सन चालतो, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण वहीत नुसता आकडा होता, कशातून घेतला ते नव्हतं, आणि मी तो इसवी सन धरून मोकळा झालो होतो. बारव एका फटक्यात सहाशे वर्षांनी म्हातारी केली होती.

परत येताना तुम्ही मला तुमच्या घरी नेलंत. तुमच्या स्वयंपाकघरात काकू शेजारणीच्या वाटीत गुळाचा खडा ठेवत होत्या, वाटी परत करायची म्हणून. तुम्ही तिकडं बोट केलंत. "लोकाची वाटी आपण रिकामी देत न्हाय. आन् तू तर वाटीच आपली म्हणून ठिवून घेतलीस." मला रडू आलं. वाटलं, आता ह्या घराचं दार बंद. काकूंनी भाकरी वाढली. तुम्ही म्हणालात, "पुढल्या शुक्रवारी परत वाच. चूक बी सांग, आन् ज्यानं ज्यानं सांगितलं त्येचं नाव बी." मी वाचलं. आपलं नाव निबंधात ऐकून त्या म्हाताऱ्यांनी पटका सारखा केला आणि दोनदा विचारलं, "माजं नाव? कागदावर?" त्यांचा तो चेहरा पाहिला आणि जन्मभर हेच काम करावंसं वाटलं. केलंही, आणि अजून आवडतं.

उद्या वर्गाचा दुसरा दिवस आहे. सुरुवातीलाच त्या मुलीला सांगणार आहे की पद्धत माझी नाही. म्हणून आज सकाळी चिठ्ठी घेऊन बसलो. कुठं, तर भूमच्या शाळेतली पुस्तकांची खोली. कधी, तर उन्हाळ्यातले शुक्रवार. पहिली ओळ मात्र कोरी राहिली. आम्ही तुम्हाला गुरुजी म्हणायचो, गाव गुरुजी म्हणायचं, आणि काकूंनी तुमचं नाव घेणं शक्यच नव्हतं. आडनाव आठवतं. नाव मी कधी विचारलंच नाही. उद्या मुलांना हेही सांगेन आणि परवा भूमची एसटी धरेन. शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडेल, नाही तर कुणी जाणतं माणूस भेटेल, आणि सांगणाऱ्याचंही नाव त्याच चिठ्ठीवर लिहीन. तोवर हे पत्र वहीतच राहू दे. पाकिटावर नाव काय घालायचं, तेच मला ठाऊक नाही.