मिरचीचे आठ वाफे आणि लेव्हल ४१

११ मे, सकाळ.
दामिनी मोबाईलवर शेतीचा गेम खेळताना सापडली. दहावीत गेली पोरगी! मोबाईल काढून घेतला. गेमनं पोरं बिघडतात, हे अर्धा तास समजावलं.

११ मे, दुपार.
बिघडतात म्हणजे नेमकी कशी, हे बापाला माहीत हवं. गेम तपासला. गहू चार मिनिटांत कापणीला येतो. लेव्हल ३.

१२ मे.
सुनयना दामिनीला घेऊन माहेरी किनवटला गेली, भाचीच्या लग्नाला. जाताना एकच काम सांगितलं: मिरचीच्या आठ वाफ्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी. म्हणे, यंदाची सारी मिरची या रोपायवर हाय, इसरू नका. वीस वर्षं शेती करतो मी. रागच आला.

१३ मे, सकाळी ६.
संकल्प: आठवडाभर गेमचा अभ्यास, मग तेच ज्ञान वावरात. गेम म्हणजे शिक्षणच. शेजारच्या वावरातल्या भिवाजीलाही पटवून दिलं. त्यानं बिडी पेटवली.
पाणी दिलं. चार वाफ्यांना.

१४ मे.
लेव्हल १९. मोटार चालू केली की व्होल्टेज पडतं, मोबाईल चार्ज होत नाही. शिक्षण आधी. पाणी उद्या.

१६ मे.
सुनयनाचा फोन. रोपं कशी हायत? म्हटलं, हिरवीगार. खोटं नाही, गेमातली खरंच हिरवीगार आहेत. तिच्या फोनपायी तिथल्या दोन कोंबड्या मात्र उपाशी राहिल्या.

१७ मे.
वाफ्यांवर जाऊन आलो. रोपांनी माना टाकल्यात. घाबरायचं कारण नाही. गेममध्ये सुकलेल्या रोपावर बोट ठेवलं की उठतं. इथेही ठेवून पाहिलं, बऱ्याच रोपांवर. ऊन फार होतं, परत आलो.

२० मे.
सुनयना दामिनीला घेऊन आली. हातातल्या पिशवीसकट आधी वाफ्यांवर गेली. ओरडली नाही. मूठभर वाळक्या काड्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. मी तिला गेमातलं मिरचीचं वावर दाखवलं. लेव्हल ४१. तिनं विचारलं, या मिरचीले टायमावर पानी कोन देते? अभिमानानं म्हटलं, मीच, दर चार तासांनी अलार्म लावतो.
मंग माह्या मिरचीले अलार्म काऊन नाई लावला, म्हणे.
फार लाज वाटली. गेम काढून टाकला. दामिनी रडली. मिरचीसाठी की लेव्हल ४१ साठी, विचारायची हिंमत झाली नाही.

२३ मे, सकाळी ५.
भिवाजी आपल्या वाफ्यांतली रोपं द्यायला तयार झाला. अट एकच: लावणीपर्यंत त्याच्या सगळ्या वाफ्यांना मी पाणी द्यायचं. अलार्म लावून उठलो. पाणी देऊन बसलोय. भिवाजी बाजेवर, डोकं मोबाईलमध्ये. मघाशी विचारत होता, राजकुमार, कोंबडीले दाना कुठून घ्या लागते गा?
त्याला बजावलं, गेमनं माणूस बिघडतो.
म्हणे, बिघडू दे ना. पानी द्याले तू हायेस.