वसंताच्या भट्टीला चाके नाहीत

रविवार, २ ऑक्टोबर २०११
गोंदियाला जाऊन वेल्डर सलीमभाईंना भट्टीचे काम दिले. व.ची (धाकटा भाऊ वसंता) त्यांनीच केलेली, त्यामुळे तुलना सोपी गेली. त्याने तेलाचे पिंप आडवे कापून बिजागऱ्या बसवून घेतल्या, एवढेच. मी जाड पत्र्याची सांगितली. धुरावर मांस चार-पाच तास शिजायचे, तर उष्णता आत टिकली पाहिजे.

सलीमभाई म्हणाले, "सर, ये सादी भट्टी का रेट है. बाकी सब ऑप्शन में." ऑप्शन कोणते, ते विचारून घेतले. लाकडे जाळायला बाजूची वेगळी पेटी. झाकणावर उष्णता दाखवणारी तबकडी. धुराड्याला झडप. चरबी गळायला थाळी, मासे टांगायला आकडे. चाके.

"आपके भाई ने तो कुछ नहीं लिया," हे त्यांनी न विचारता सांगितले. ऐकून बरे वाटले. कळवतो म्हणालो.

बुधवार, ५ ऑक्टोबर
ऑप्शनचा विचार. खरे तर गेल्या मंडईचाच, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचा.

बाबा गेल्यापासून मंडईचे पाहुणे थोरल्या मुलाकडे, म्हणजे माझ्याकडे, जेवत आले. ताई, आमची थोरली बहीण, बालाघाटहून येई. माझ्या दारात पाय धुतल्याशिवाय दंडारीचा नाच-नाट्यखेळ बघायलाही जात नसे. गेल्या वर्षी बसमधून उतरली ती थेट गल्लीपलीकडे, व.च्या अंगणात. त्याच्या पिंपाशेजारी बाजेवर बसून राहिली. आमच्याकडचा रस्सा झाकलेलाच राहिला. निघताना मला म्हणाली, "वसंताच्या कोंबडीले धुराचा काय वास होता गा, मधू."

माझ्या घरच्या जेवणाविषयी एक शब्द नाही.

रविवार, ९ ऑक्टोबर
व. येऊन गेला. बातमी पोचली आहे. हसत म्हणाला, "दादा, तू कायले नवी करून राहिला? माही आहे ना. पाहिजे तवा घेऊन जा."

त्याच्या मनात काही नसते, हे मला मान्य आहे. तेच अधिक बोचते.

सलीमभाईंना फोन केला. पेटी, तबकडी, झडप, थाळी, आकडे: सर्व मंजूर. चाकांविषयी त्यांनीच हरकत काढली. "सर, पहिये का क्या करोगे? आँगन में ही तो रखनी है." मुद्दा बिनतोड होता. परंतु व.ची भट्टी हलवायला चार माणसे लागतात.

"लगाओ," म्हणालो.

शनिवार, २२ ऑक्टोबर
भट्टी आली. काम चोख. झाकण बसते तेव्हा कडेने धुराची रेघही निघत नाही. चाकांना पुढून-मागून विटा लावून ती आंब्याखाली उभी केली.

संध्याकाळी कोंबडी करून पाहिली. मोहाचे लाकूड, आच मंद, झडप अर्धी. व.च्यापेक्षा निश्चित सरस, असे सौ.ला म्हणालो.

ती म्हणाली, "त्याची कशी लागते ते तुम्हाले काय ठाऊक? तुम्ही तर तोंडातही घातली नव्हती."

वस्तुस्थिती खरी.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर. भाऊबीज
ताईचा फोन. गुडघा धरला आहे, म्हणून आज नाही, एकदम मंडईला येणार. कोणाकडे उतरशील, हे ओठांवर आले होते. विचारले नाही. फोन ठेवण्यापूर्वी तिने विचारले, "वसंता आहे ना गावात?"

मी गावातच असणार, हे बहुधा गृहीत धरले असावे.

मंगळवार, १ नोव्हेंबर. मंडई
सकाळपासून पेटी धगधगते आहे. बकऱ्याची मांडी आत, तलावातले दोन रोहू आकड्यांना. तबकडीचा काटा हवा तिथे.

दुपारच्या बसने ताई आली. काठी टेकत गल्लीपर्यंत, आणि मग डावीकडे. व.कडे. बाज आधीच मांडलेली होती. मी हाक मारू शकलो असतो. काट्यावरून नजर काढता येत नव्हती, असे सौ.ला सांगितले.

नंतर व. आला. "दादा, ताई तुले बोलावून राहिली. तिले आता बाजेवरून उठवत नाही. म्हणते, मधूनं काय केलं ते इथंच आणा. आणि मधूलेही आणा." भट्टीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिले. "हिले तर चाकं आहेत. ढकलू काय?"

अजून शिजायचे आहे, म्हणालो. तो गेला.

सौ. म्हणाली, "मग चाकं कायले लावली?"

अन्न माझे, अंगण त्याचे. अशा वेळी ताई कोणाकडे जेवली असे धरायचे? आणि इथेच थांबलो, तर मांडी उत्तम शिजेल आणि…

दंडारीची ढोलकी सुरू झाली. ताईचे हसणे इथपर्यंत ऐकू येते. ती लहानपणी हसायची तसेच.

फाटकाची रुंदी मोजून आलो. भट्टी बाहेर निघते, दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटे राखून. एका चाकाच्या विटा काढल्या आहेत. दुसऱ्याच्या अजून तशाच आहेत.