दरबारी गवयाचा नातू

हॅम्बुर्ग, ४ नोव्हेंबर १९६८

ती. आक्का हिस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावायचा तुला हक्क आहे. पण बातमी ऐक. इथल्या ऑपेरात, म्हणजे सगळं गाऊन केलेल्या नाटकात, मला मोठी भूमिका मिळाली. वरच्या आवाजाचा माणूस नायक होतो. माझ्यासारख्या भरदार, खालच्या आवाजाला बॅरिटोन म्हणतात आणि आमच्या वाट्याला बाप, राजे आणि दुष्ट लोक येतात. तिसाव्या वर्षी पांढरी दाढी लावून बाप झालोय!

इथं माइक नसतो. शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या छातीच्या जोरावर पोचायचं. इथल्या गाण्याच्या मास्तरांनी विचारलं, हा दम कुठं कमावलास. बापाच्या भीमजलशात, चावडीपुढं बाबासाहेबांची गाणी म्हणत, हे जर्मनमध्ये कसं सांगावं कळेना. नुसता हसलो.

फेब्रुवारीअखेर मुंबईत माझा कार्यक्रम ठरलाय. आबांना सांग. लोभ आहे तो वाढव.

तुझा
जगन

कामथडी, २ डिसेंबर १९६८

चि. जगन यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हो, जयभीम. तुझ्या पत्रात तो नव्हता. आबांना वाचून दाखवताना मी पदरचा घातला. घाईत राहिला असेल असं धरून चालते.

तुझी बातमी आबांनी कामथडीत तर सांगितलीच, वर एसटीनं नसरापूरला जाऊन बाजारातही सांगून आले. शेजारच्या पारूबाईनं विचारलं की पोरगं तमाशात हाय का, तेव्हापासून तिच्याशी बोलत नाहीत. मुंबईसाठी कोट शिवायला टाकलाय. पहिल्या रांगेत बसणार आणि डोळे मिटून ओळखणार म्हणे, की ह्यो सूर माजा. मी शाळेत रजेचा अर्ज दिलाय. तिकिटांचं कळव. थंडीत गळा जप, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
फुलाआक्का

हॅम्बुर्ग, ९ जानेवारी १९६९

ती. आक्का हिस,
सा. न. वि. वि.

कसं लिहावं समजत नाही. कार्यक्रमाच्या जाहिरातीत मी भोर संस्थानच्या दरबारी गवयाचा नातू असल्याचं छापलंय. एका मेजवानीत मॅनेजर म्हणाला, असा आवाज दरबारी घराण्यातलाच असणार. मी नाही म्हणालो नाही. पुढं मीच त्यात भर घातली. मुंबईतली बडी मंडळी त्यावर भुलून येणार आहेत. खरं कळलं तर ती कशी बघतील, हे तुला सांगायला नको.

आबांना आणू नकोस. ते कुणालाही सांगत सुटतील. तू एकटी ये, तिकीट सोबत आहे. पुण्याचा एक वार्ताहर घर शोधत भोरला जाईल. तुमच्यापर्यंत आलाच तर ओळखत नाही म्हणा. एवढं वर्ष निघू दे, मग सगळं नीट करीन. माझ्यावर लोभ ठेव. हे पत्र आबांना वाचून दाखवू नकोस.

जगन

कामथडी, ५ फेब्रुवारी १९६९

जगन,

आबांना वाचता येत नाही, म्हणून तुझी पत्रं मी त्यांच्यापुढंच उघडते आणि मोठ्यानं वाचते, हे तू विसरलास. वाचू नकोस हे तू शेवटी लिहिलंस. मी मधेच अडखळले, तर आबा म्हणाले की पुरं वाच.

वार्ताहर आला. भोरात कुणीतरी तुझा फोटो ओळखून त्याला इकडं धाडलं होतं. आबांनी फोटो उन्हात धरून पाहिला आणि सांगितलं की ह्यो आमचा न्हाई. आमचाबी जगन व्हता, लई मोठा आवाज व्हता त्येचा, पर त्यो गेला. वार्ताहर ओशाळला. आबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

पारूबाई दारातच होती. तिनं हंबरडा फोडला आणि सारी वस्ती जमली. मी खरं सांगायला उठले, तर आबांनी मनगट धरून खाली बसवलं. खरं सांगितलं असतं तर बाप खोटा ठरला असता नाहीतर तू. रविवारी तुझ्या मरणाचं पुण्यानुमोदन रीतसर झालं. बुद्धांच्या तसबिरीखाली तुझा फोटो ठेवला. त्रिसरण आबांनीच म्हटलं, माइकशिवाय, आणि आवाज कुठं फुटला नाही. तुझी इतकी चीड मला आयुष्यात आली नव्हती.

तिकीट परत पाठवते आहे. लोभाचं या खेपेला काही लिहीत नाही.

जेवायला आलेल्या बायका विचारत होत्या, पोरगा कधी गेला. मी तुझ्या पत्रावरची तारीख सांगितली.

फुला