पाठीला आराम

शनिवार, दुपार

पोहोचलो एकदाचे! बोटीत सगळ्यात जास्त बडबड करणारा जिराफच सगळ्यांच्या आधी कठड्यावर ओणवा झाला, त्यामुळे निम्मा प्रवास शांततेत पार पडला. जिराफ माझा कॉलेजपासूनचा मित्र. मान लांब म्हणून नाव पडलं ते पडलंच. मास्तरीणही तेव्हापासूनचीच मैत्रीण; गणित शिकवते आणि सुट्टीतसुद्धा आम्हाला ओळीत उभं करते. चौथा माझा धाकटा भाऊ. नाव बारक्या, अंगाने दोघांएवढा.

बेटाच्या मधोमध ज्वालामुखी आहे आणि तो सगळीकडून दिसतो. तोंडातून बारीक धूर चालू असतो. वाळू काळी, आणि सावलीतसुद्धा पायाला कोमट लागते. घराची फरशीही तशीच. मधेच पाऊस येऊन आम्ही भिजलो, तर मास्तरणीने कपडे फरशीवर पसरले आणि चहा होईपर्यंत ते वाळलेसुद्धा. एका लांब खोलीत चार खाटा आहेत, पण इतक्या उंच की स्टूल घेऊन चढावं लागतं. जिराफ म्हणाला, चला, कोणीतरी त्याच्या मापाने काहीतरी बनवलं. घरमालकीण पलीकडे राहते. तिने प्रत्येकाला खाट दाखवली, स्टूल दाखवलं, जेवणाच्या वेळा सांगितल्या आणि गेली.

ही सहल खरं तर बारक्यासाठी आहे. बस चालवून चालवून त्याच्या कमरेची पार वाट लागली आहे. मी फिजिओथेरपिस्ट. लोकांच्या पाठी सरळ करते आणि सख्ख्या भावाची काही केल्या होत नाही. तो तक्रार करत नाही, पण बुटाची नाडी बांधताना श्वास रोखून धरतो. ते बघितलं की माझा जीव तुटतो.

रविवार, सकाळ

काल बारक्या त्या खाटेवर चढला आणि गादी झोळीसारखी खाली गेली. अशा गादीवर दुखणारी पाठ घालायची म्हणजे दुखणं वाढवायचंच. मी त्याला खाली उतरवलं आणि फरशीवर नुसती चादर टाकून झोपवलं. कडक जागा आणि खालून एकसारखी ऊब! दवाखान्यात एवढ्यासाठी मला मशीन लावावं लागतं.

आज तो शीळ घालत उठला. वाकला, नाडी बांधली, पुन्हा सोडली आणि मला दाखवायला पुन्हा बांधली. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

रविवार, संध्याकाळ

डोंगराच्या अर्ध्यापर्यंत जाऊन आलो. मास्तरणीची पिशवीसुद्धा बारक्यानेच उचलली होती. त्याचं बघून आता त्या दोघांनाही फरशीच हवी आहे. जिराफने लगेच मान दुखत असल्याचं जाहीर केलं. झोपा म्हटलं. मी आपली खाटेवर. मला ती ऊब सोसत नाही, आणि एका जागी पडून राहणं मला जन्मात जमलेलं नाही.

सोमवार, दुपार

कोणी उठत नाही. आज तळ्यावर जायचं ठरलं होतं. नाश्ता गार झाला, मी एकटीच खाल्ला. मास्तरीण एरवी गजर वाजायच्या आधी उठते, आणि आज डोळे मिटून नुसती हसते आहे. बारक्या म्हणतो, ताई, जरा पडू दे.

मी खोलीत येरझाऱ्या घालते आहे. मघाशी बारक्याला हात देऊन उठवायला गेले, तर हलेना. झोपलेल्या माणसाचं वजन मला माहीत आहे, रोज उचलते. हे तेवढं नव्हतं.

मग एक करून पाहिलं. पाठीवर झोपलेल्या माणसाच्या कमरेखाली थोडी पोकळी राहते. प्रत्येकाच्याच. तिथे हात सरकतो. जिराफच्या कमरेखाली सरकला. मास्तरणीच्या जेमतेम.

बारक्याच्या नाही.

सोमवार, संध्याकाळ

घरमालकीण जेवण घेऊन आली. दारातूनच तिला खाली झोपलेले तिघं दिसले आणि तिच्या हातातली भांडी पडली. माझ्यावर अशी ओरडली की तसं कोणी जन्मात ओरडलं नसेल. खाटा इतक्या उंच कशाला केल्यात असं वाटलं तुला, म्हणाली. मीही आवाज चढवला, आधी का नाही सांगितलं म्हणून. तर म्हणाली, चुलीवर झोपू नका असं पाहुण्यांना सांगावं लागतं का?

मग जरा शांत होऊन बोलली. चाला, बसा, काही होत नाही. पाठ टेकली की डोंगर धरतो. ज्याला दुखणं आहे त्याला आधी धरतो, कारण त्याला उठावंसं वाटत नाही. तो स्वतः उठला तरच सुटतो. बाकीचे नुसते ओढत बसतात.

रात्रभर तिघांना हाका मारून, ओढून उठवायला बघितलं. जमलं नाही.

मंगळवार, सकाळ

थंड पाण्याच्या बादल्या ओतल्या. फरशीतून वाफ निघाली. जिराफ शिव्या देत उठला — शर्टाची पाठ खालीच राहिली, त्याची पाठ लालबुंद. मास्तरीण लहान मुलासारखी रडली. मी दुष्ट आहे म्हणाली. पुन्हा आडवी व्हायला निघाली होती, तिला खाटेवर चढवून बांधून ठेवलं.

बारक्या नाही.

मी, जिराफ, घरमालकीण, तिघांनी मिळून ओढलं. खांद्यापाशी चादर फाटली. खाली फरशीच्या सांध्याची रेघ — ती त्याच्या पाठीवर तशीच पुढे गेली आहे. पाठ कुठे संपते ते बोटाला कळत नाही. चिमटा काढला. दुखतंय म्हण, म्हटलं. एकदा तरी दुखतंय म्हण रे.

तो हसला. ताई, काहीच दुखत नाही गं.

मंगळवार, दुपार

ओढताना माझ्या कमरेत काहीतरी कटकन मोडलं. सरळ उभं राहता येत नाही. खाटेवर चढता येत नाही, स्टुलावर पायच उचलत नाही. खाटेच्या कडेला रेलून लिहिते आहे. जिराफ म्हणाला, उद्या बोट येईल, सगळे जाऊ.

सगळे म्हणजे कोण —

बुधवार, सकाळ

बोट आली. त्या दोघांना पाठवलं. जिराफ येत नव्हता, मीच ढकललं. तिकडून माणसं, अवजारं, काय मिळेल ते आण म्हटलं. मास्तरणीला बोटीत चढेपर्यंत आडवी मुळीच होऊ देऊ नकोस.

मी गेले नाही. आईसमोर एकटी उभी राहून काय सांगू? मीच झोपवलं म्हणून?

घरमालकीण खिडकीतून सारखी ओरडते आहे, उभी राहा, बाई, उभी राहा, खाटेवर चढवायला माणसं आणते.

बुधवार, दुपार

ती गेली माणसं आणायला. बारक्याचा श्वास फार हळू. मधेच इतका थांबतो की मी —

उभं राहवत नाही. कमरेतून पायापर्यंत आग. आता कळतं आहे, हा गाडीत कसा बसत असेल रोज.

त्याने डोळे उघडले. म्हणाला, ताई, किती वेळ उभी आहेस गं.

बुधवार

बसले आहे. बसलं तर काही होत नाही, ती स्वतःच म्हणाली.

त्याला उठायचं कसं तेच आठवत नाहीये. बाकी काही नाही. पेशंटला व्यायाम जमत नसला की मी आधी स्वतः करून दाखवते. नुसतं सांगून कोणालाच जमत नाही. करून दाखवलं की जमतं. नेहमी जमतं.

एकदाच. आडवी होऊन लगेच उठायचं. तो बघेल, मागोमाग करेल. मला कुठे जुनं दुखणं आहे, कालचंच तर आहे —

झाले आडवी. वही छातीवर. बारक्या, इकडे बघ. आधी गुडघे वाकवायचे. मग एका कुशीवर. मग कोपर टेकून —

थांब जरा.

कमरेतली आग गेली. सगळीच. अरे, हे असं वाटत होतं तुला. आणि मी बादल्या ओतत होते.

उठते हं. बघतोयस ना. आधी गुडघे. मग कुशीवर. मग