बोटांनी बसवायचे नट

४ मार्च

साहेब म्हणाले, "चॅनल तूच ठरव." मीच! आमच्या घरात अंगठ्याच्या पुढे कुणी गेलं नाही, आणि आता माझ्या सहीवर छताखालच्या पाइपांचा सांगाडा उभा राहणार. खांब, आडव्या पट्ट्या, सगळं या फट असलेल्या लोखंडी चॅनलचंच. खोल चॅनल दणकट, पण छताखाली जागाच नाही. गणित पुन्हा पुन्हा केलं. उथळ लिहून दिलं. उत्तर दर वेळी तेच आलं.

६ मार्च

जोडणीला बाबा आहेत. मीच साहेबांकडे शब्द टाकला होता. कामावर ते मला मुद्दाम 'मॅडम' म्हणतात. नट खांबाच्या फटीतून उभा घालायचा, आत पाव फेरा द्यायचा — मग त्याचे दात दोन्ही कडांना आडवे पकडतात. त्यावर आडवी पट्टी बसली की आतलं काही दिसत नाही. मी वाकून वाकून बघत होते, तर बाबा म्हणाले, "मॅडम, डोळे कशाला फोडताय? हे बोटांनी बघायचं असतं!" सगळे हसले. मीसुद्धा.

७ मार्च

आई सकाळी बाबांच्या शर्टाची बटणं लावून देत होती. म्हटलं, "या वयात एवढे लाड?" आई हसली नाही. "उशीर होतोय त्यांना," एवढंच.

११ मार्च

पाइपांत पाणी भरलं आणि कोपऱ्यातला पाइप खाडकन खाली आला! बाबा नुकतेच तिथून शिडी उचलून गेले होते. जरा उशीर झाला असता तर — नको. माझं उथळ चॅनल. माझी सही.

साहेबांनी विचारलं, "जोडणीत चूक आहे का?" मी म्हणाले, "बघावं लागेल." म्हणजे माझं ओझं मी जोडणाऱ्यांच्या गळ्यात घातलं. बाबांच्याही! रात्री त्यांनीच माझ्या ताटात वाढलं. "खा गं, वाळलीस."

१२ मार्च

सांगून टाकलं. "सर, चॅनल मीच चुकीचं निवडलं."

साहेब शिडीवर चढले, हाताने चाचपलं, उतरले. "चॅनल केसभर वाकलेलं नाही. आडवी पट्टी खांबावरून घसरलीय. आतला नट तिरकाच राहिलाय. बाकीचे उघडून बघ, आणि कुणी बसवलेत त्याचं नाव मला दे. असा माणूस मला इथे नको."

हायसं वाटलं. कुणाच्या तरी पोटावर पाय येणार, आणि मला हायसं! शी.

१३ मार्च

सगळ्या खांबांवरचे नट उघडून पाहिले. तिरके नट फक्त बाबांनी जोडलेल्या खांबांवर आहेत.

आज सकाळीही बटणं आईनेच लावली.