पहिली गाठ चुकू द्यावी

मी, मनमोहन रमाकांत नवलकर, वय वर्षे सत्तावन्न, राहणार माहीम, हे मृत्युपत्र स्वेच्छेने व स्थिर बुद्धीने लिहीत आहे. स्थैर्याबाबत धर्मपत्नी सौ. सुमती यांनी घेतलेली हरकत विचारात घेतलेली नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी सुमतीस. कन्या क्षितिजा हिला माझे समग्र ग्रंथ. वाचण्याची सक्ती नाही, मीही वाचलेले नाहीत.

२. सोसायटीचे सेक्रेटरी श्री. दिनेश धुरंधर एका शोकसभेत म्हणाले होते, "नवलकरांना कोणी मेल्याशिवाय बोलावत नाही." विधान सत्य असल्याने क्षमा अशक्य आहे. माझी छत्री नऊ वर्षे त्यांच्याकडे आहे. ती त्यांनी ठेवावी व प्रत्येक पावसाळ्यात ओशाळावे.

३. परिसरात तिरडी बांधण्यास मला पाचारण होते, यावरून मी परोपकारी असल्याचा प्रवाद पसरला आहे. त्याचे येथे खंडन करतो. प्रारंभी कचेरीतून अर्धा दिवस सुटका, एवढाच हेतू होता. पुढे "नवलकर आले, आता काळजी नाही" हे ऐकण्याचे व्यसन जडले.

मूळ कारण निराळे. १९९६ साली वडील वारले, तेव्हा मी व तीन पदवीधर चुलतभाऊ मिळून एक तिरडी बांधू शकलो नाही. बांबू उचलताच काथ्या सैल पडला. खांद्यावर जाळे घेऊन चाललेला कोळीवाड्यातील जगन थांबला. जाळे पायरीवर ठेवून त्याने आमच्या सर्व गाठी सोडल्या, पुन्हा बांधल्या आणि स्मशानापर्यंत आला. ओळखदेख काही नाही. परतताना विचारले, का आलास? म्हणाला, "गाठ चुकत होती तुजी. बगवला नाय."

परोपकाराची याहून निर्दोष मीमांसा माझ्या न वाचलेल्या ग्रंथांतही नसावी. पुढे गाठ त्यानेच शिकवली व काथ्या कापायची आपली कोयती मला दिली.

४. चिरंजीव सिद्धार्थ याने माझ्या अंत्ययात्रेच्या 'पॅकेज'ची चौकशी केल्याचे समजते. ते घेऊ नये. तिरडी त्यानेच बांधावी व पहिली गाठ चुकू द्यावी. त्यासाठी त्याला वेगळे प्रयत्न करावे लागणार नाहीत. क्षितिजाला गाठ येते, तिने हात मागे ठेवावेत. जमलेल्यांपैकी ज्या परक्या व्यक्तीला ते बघवणार नाही, ती पुढे येईल. कोयती तिला द्यावी. नाव नंतर विचारावे.

कोणीच पुढे न आल्यास, माझा स्वभाव पाहता, मलाच उठावे लागेल.

(सही) मनमोहन रमाकांत नवलकर
माहीम, १२ जानेवारी २०२५

साक्षीदार:
१. डॉ. मधुरा कीर्तिकर (सही)
२. जगन तांडेल (सही). यांनी मजकूर वाचून "कोयती गंजलीय, धार लाव" एवढीच दुरुस्ती सुचवली. धार लावली आहे.